नग्नाकृती आणि तिची नागवण : केनेथ क्लार्क यांच्या भेदाचा पुनर्विचार

पाश्चात्त्य चित्रकलेतील नग्नाकृतीविषयी आपल्याकडे जेव्हा गंभीरपणे लिहिले-बोलले जाते, तेव्हा केनेथ क्लार्क यांनी केलेल्या एका भेदाचा आधार कळत-नकळत घेतला जातो. १९५३ साली वॉशिंग्टन येथे दिलेल्या मेलन व्याख्यानांतून सिद्ध झालेला त्यांचा ‘द न्यूड’ हा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच त्यांनी ‘नेकेड’ आणि ‘न्यूड’ या दोन इंग्रजी शब्दांमध्ये सीमारेषा आखली. पहिला शब्द वस्त्रे गेल्याने संकोचलेल्या माणसाचा. दुसरा समतोल, आत्मविश्वासयुक्त आणि कलावंताने नव्याने घडविलेल्या देहाचा. नग्नाकृती हा कलेचा एक विषय नसून इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात ग्रीकांनी निर्माण केलेला स्वतंत्र कलाप्रकारच होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठीत हा भेद ‘नागडे’ आणि ‘नग्न’ या शब्दांनी सहज करता येतो. तत्सम शब्दाला आपल्याकडे मिळणारी प्रतिष्ठा ‘नग्न’ला मिळते; तद्भव ‘नागडे’ मात्र वर्गात उच्चारणेही अवघड होते. परंतु मराठीजवळ याच कुळातले आणखी एक क्रियापद आहे, ‘नागवणे’. ज्याचे सर्वस्व लुबाडले गेले, तो नागवला गेला. क्लार्क यांच्या शब्दयोजनेत या तिसऱ्या अर्थाला जागाच नाही. त्यांच्या भेदाने नग्नाकृतीला प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरे. पण त्याच भेदाने चित्रकारासमोर बसलेल्या व्यक्तीला कलेच्या इतिहासातून नागवले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अर्थात क्लार्क यांच्यावर सोवळेपणाचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. कोणतीही नग्नाकृती, ती कितीही अमूर्त असो, पाहणाऱ्याच्या मनात कामभावनेची पुसटशी का होईना छाया उमटवतेच आणि तशी ती न उमटवणे हा तिचा दोषच, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले आहे. त्यांच्या अनेक भारतीय वाचकांनी हे विधान सोयीस्करपणे वगळले. अडचण कामभावनेच्या स्वीकाराची नाही. ज्या देहामुळे ती जागी होते तो देह कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या चौकटीत उद्भवतच नाही, ही अडचण आहे.

या दृष्टीने तिशियनच्या ‘उर्बिनोची व्हीनस’ (१५३८) या सुप्रसिद्ध चित्राचे उदाहरण बोलके आहे. हे चित्र मिळवण्यासाठी उत्सुक असलेल्या ग्विदोबाल्दो देल्ला रोव्हेरे याने त्या वर्षी आपल्या हस्तकाला लिहिलेल्या पत्रव्यवहारात त्याचा उल्लेख केवळ ‘ला दोन्ना नुदा’, म्हणजे ‘नग्न स्त्री’, असा केला आहे. देवतेचे नाव तिथे नाही. ते पुढे वासारीच्या १५६८ च्या चरित्रग्रंथात येते आणि कायमचे चिकटते. म्हणजे जे चित्र पहिल्या मालकाच्या लेखी शय्येवर पहुडलेल्या एका स्त्रीचे होते, ते तीस वर्षांत पुराणकथेतले झाले. चित्राच्या पार्श्वभूमीला पेटीतून कपडे काढणाऱ्या दासी आहेत, पायाशी कुत्रे झोपले आहे. सारे घरगुती आहे. ‘व्हीनस’ या नावाने ते घर झाकले गेले.

ही युक्ती किती टिकाऊ ठरली, ते १८६३ च्या पॅरिसमधील सलोन प्रदर्शनात दिसते. अलेक्सांद्र काबानेल याची लाटांवर पहुडलेली ‘व्हीनसचा जन्म’ तेथे गाजली आणि तिसऱ्या नेपोलियनने ती स्वतःसाठी खरेदी केली. त्याच वर्षी एदुआर मानेने ‘ऑलिंपिया’ रंगवली. ती १८६५ च्या सलोनमध्ये लागली. मानेने फ्लॉरेन्समध्ये तिशियनच्या चित्राची नक्कल केली होती आणि मांडणी जवळजवळ तीच ठेवली : तीच शय्या, तसाच मांडीवरचा हात, झोपलेल्या कुत्र्याच्या जागी पाठ ताठवलेली काळी मांजर. तरीही गदारोळ झाला. समीक्षकांना त्या देहात शवागारातले प्रेत दिसले. गर्दीपासून चित्राचे रक्षण करण्यासाठी पहारा बसवावा लागला आणि अखेरीस ते दरवाजाच्या वर, उंच टांगले गेले.

काबानेलची स्त्री अधिक उघडी, अधिक आमंत्रक आहे. तरी तिच्याबद्दल तक्रार झाली नाही. ‘ऑलिंपिया’ ही पॅरिसमधील वारांगना आहे, असे याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. टी. जे. क्लार्क (केनेथ यांच्याशी त्यांचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही, आणि दृष्टिकोनाचा तर मुळीच नाही) यांनी १८६५ ची परीक्षणे बारकाईने वाचून हा प्रश्न वर्गाच्या संदर्भात मांडला. तिच्या देहावर तिचा वर्ग वाचता येत होता, हे प्रेक्षकांना सोसले नाही, असा त्यांचा निष्कर्ष ग्राह्य वाटतो. त्याला एक जोड द्यावीशी वाटते. तिथे एक विशिष्ट स्त्री ओळखू येत होती. चौकोनी हनुवटी, सपाट नजर, गळ्यातली काळी फीत : ही व्हिक्तोरीन म्यूराँ होती आणि ती चित्रकारासमोर बसण्याचे काम करत होती. ‘नग्न’ने ‘नागडे’चा विसर पाडावा ही अपेक्षा या चित्राने पुरी केली नाही.

म्यूराँचे पुढे काय झाले? मद्याच्या व्यसनात ती अकाली संपली, अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. वस्तुतः ती स्वतः चित्रकार होती. १८७६ च्या सलोनने तिचे आत्मचित्र स्वीकारले. त्याच वर्षी मानेची चित्रे नाकारली गेली होती. तिचे निधन १९२७ मध्ये झाले. युनिस लिप्टन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात तिचा शोध घेईपर्यंत ही माहिती कोणाला महत्त्वाची वाटली नव्हती. पुष्पगुच्छ घेऊन उभ्या असलेल्या कृष्णवर्णी स्त्रीची नागवण तर याहून मोठी. मानेच्या टिपणवहीत तिचे नाव लोर असे नोंदले आहे, सोबत पत्ताही आहे. तरीही शंभराहून अधिक वर्षे ती केवळ ‘दासी’ राहिली. डेनिस मरेल यांच्या २०१८ मधील न्यू यॉर्क येथील प्रदर्शनाने आणि पाठोपाठ २०१९ मध्ये ओर्से संग्रहालयातील प्रदर्शनाने तिला नावाने पुढे आणले.

समोर बसणारीला चित्रकार होण्याची वाट किती अरुंद होती, हे लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ च्या निबंधात दाखवून दिले. प्रतिष्ठित ऐतिहासिक चित्रे रंगवण्यासाठी नग्न देहाचा अभ्यास अपरिहार्य मानला जाई, आणि स्त्रियांना त्या वर्गात प्रवेश नव्हता. योहान झोफानी याने १७७१-७२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीचे सदस्य नग्न पुरुषाकृतीच्या अभ्यासवर्गात जमलेले रंगवले. अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या संस्थापक सदस्या होत्या; पण खोलीत त्या नाहीत. भिंतीवर टांगलेल्या दोन व्यक्तिचित्रांच्या रूपाने त्यांनी हजेरी लावली आहे! म्यूराँप्रमाणेच सुझान व्हालादों हीदेखील रेन्वार, तुलूझ-लोत्रेक यांच्यासमोर बसता बसता चित्रकार झाली. १९०९ मध्ये तिने ‘ॲडम आणि ईव्ह’ रंगवले आणि त्यात स्वतःला व आपल्या तरुण प्रियकराला नग्न दाखवले. पुढे प्रदर्शनासाठी त्या चित्रात पाने रंगवावी लागली, ती ॲडमच्या कमरेभोवती. ईव्हला त्यांची गरज कोणाला भासली नाही.

मराठी सौंदर्यविचाराचाही या संदर्भात विचार व्हायला हवा. मर्ढेकरांच्या लयतत्त्वात रंग-रेषांचे संवाद, विरोध आणि समतोल हेच चित्राचे सौंदर्यघटक ठरतात. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या ग्रंथात चर्चिलेल्या अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी भूमिकांपैकी पहिलीकडे हा विचार स्पष्टपणे झुकतो. ‘देह पाहू नका, रेषा पाहा’ हा वर्गात हमखास दिला जाणारा सल्ला तेथूनच बळ घेतो. तो निरुपयोगी आहे असे नव्हे. पण ‘ऑलिंपिया’समोर तो लंगडा पडतो, कारण तिथे रेषाच समोरच्या स्त्रीकडे बोट दाखवते.

मुंबईत हा सल्ला न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या ‘प्रेमी’ या शीर्षकाच्या दोन चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला. स्त्रीच्या वक्षावर पुरुषाचा हात होता, एवढेच निमित्त. पदमसींनी चित्रे उतरवण्यास नकार दिला, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, सीमाशुल्क विभागाने पदमसी आणि गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या सात कलाकृती अश्लील ठरवून जप्तीचा आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील म्हणता येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र असे निर्णय चित्राला आणि त्याच्या मालकाला संरक्षण देतात; चित्रासाठी बसलेली व्यक्ती त्यांच्या कक्षेत येत नाही.

ती आपल्याकडेही आहे. सर ज. जी. कलाशाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ च्या सुमारास जिवंत नग्न देहावरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला. त्या वर्गाने घडविलेल्या चित्रकारांवर मराठीत ग्रंथ आहेत, स्मरणिका आहेत. तेथे तासन् तास निश्चल बसणाऱ्या स्त्रियांविषयी आपल्या कलासमीक्षेने जवळपास काहीच लिहिलेले नाही. ते काम रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटाला करावे लागले. २०१७ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या भारतीय विभागातून तो वगळला गेला आणि २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील यमुना मुलाच्या शिक्षणासाठी हे काम पत्करते आणि त्याच मुलापासून ते लपवून ठेवते. विद्यार्थ्यांच्या फळ्यांवर तिची नग्नाकृती उमटत असते. घरी परतताना मात्र तिच्याजवळ सांगण्याजोगा शब्द नसतो, कारण तिला ठाऊक असलेल्या भाषेत त्या कामासाठी ‘नागडे’ एवढाच शब्द आहे.