उंट कोणत्या पेपरात येतो?

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना आम्ही विचारले, ‘वाळवंटात उंट पाणी वाचवतो कसे?’ उत्तर आले, ‘सर, शरीरक्रिया पहिल्या वर्षीच झाली.’

अशा वेळी क्नूट श्मिट-नील्सन यांचे ‘ॲनिमल फिजिऑलॉजी’ (१९७५) हे पुस्तक हाती द्यावेसे वाटते. पचनसंस्था, श्वसनसंस्था अशी अवयववार मांडणी त्यात नाही. ऑक्सिजन, अन्न, तापमान, पाणी असे विभाग आहेत. म्हणजे आरंभ होतो तो प्राण्याच्या अडचणीपासून. तहानलेल्या उंटाचे तापमान पहाटे ३४ अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि दुपारी ४० च्या वर चढते. पाचशे किलोच्या उंटाने दिवसभरात सहा अंशांची उष्णता अंगात साठवली, तर सुमारे चार लिटर पाणी वाचते. तेवढी उष्णता घामावाटे घालवावी लागत नाही, रात्रीच्या गारव्यात ती फुकट निघून जाते. हा हिशेब फळ्यावर जरूर करून पाहा. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

उणीव एकच, पण मोठी. या पुस्तकातला प्राणी बहुधा एकटा असतो. वर्तनाला स्वतंत्र प्रकरण नाही. प्रत्यक्षात तहानलेले उंट भर उन्हात एकमेकांना खेटून बसतात. प्रत्येकाचे कमी अंग उन्हात राहते. हे शरीरक्रियेत घालायचे की वर्तनात? लेखकाने निदान प्रश्नाच्या दारापर्यंत तरी आणून सोडले आहे. आपले अभ्यासक्रम मात्र पेपरांचे क्रमांक टाकून ते दारच बंद करतात.