ठरलेल्या निकालाचा राखणदार

अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. पण ऐन रिंगमध्ये एखाद्याने ठरलेले मोडून समोरच्याला खरोखरच चीत करायचे मनावर घेतले तर? पंचाचे तिथे काही चालत नाही आणि प्रमोटरला नुसते बघत बसावे लागते. पट्टा वाचवायचा तो विजेत्यानेच, स्वतःच्या अंगातल्या विद्येवर. लू थेझची थोरवी इथून समजून घ्यायला हवी. नुरा कुस्तीच्या धंद्याने त्याला वारंवार विजेता केले, कारण त्याला खरी कुस्ती येत होती.

1916 साली मिशिगनमध्ये जन्मलेला थेझ सेंट लुईसमध्ये वाढला. चपला-बूट बनवणारे हंगेरियन वडील हेच त्याचे पहिले गुरू. पुढे जॉर्ज ट्रागोस हा कडक ग्रीक वस्ताद भेटला आणि मग एड ‘स्ट्रँगलर’ लुईस. या परंपरेत सांधा उलटा पिळून माणसाला कायमचा अधू करू शकणाऱ्या पकडी शिकवल्या जात. त्या वापरायच्या नसत. वापरता येतात एवढे सगळ्यांना ठाऊक असणे पुरेसे होते. थेझचा डबल रिस्टलॉक तसाच होता.

1937 साली एव्हरेट मार्शलला हरवून तो एकविसाव्या वर्षी विश्वविजेता झाला. नॅशनल रेसलिंग अलायन्सचा पट्टा त्याला 1949 साली लढतीविनाच मिळाला, कारण आधीचा विजेता ऑरव्हिल ब्राऊन मोटार अपघातात जायबंदी झाला होता. तो थेझने 1956 पर्यंत राखला. 1952 साली शिकागोत व्हर्न गॅनियाशी झालेल्या त्याच्या लढतीचे चित्रण उपलब्ध आहे. तासभर चाललेली ही कुस्ती बरोबरीत सुटली. आजच्या प्रेक्षकाला ती संथ वाटेल. पण नीट पाहिले, तर मनगट, कोपर, खांदा यांच्यासाठी दोघांत अखंड झगडा चाललेला दिसतो. पकडीतला माणूस सुटायला धडपडतो आणि धरणारा ती क्षणभरही ढिली पडू देत नाही. निकाल ठरलेला असला, तरी पकड खरी होती.

थेझला नुसता डोक्यावर घेणे मात्र बरे नाही. ज्या अलायन्सचा तो चेहरा होता, ती प्रमोटरांची मक्तेदारी होती. 1956 साली अमेरिकी न्याय खात्याने तिला वेसण घातली. शिवाय गर्दी कशाने जमते, याबद्दलचा त्याचा अंदाज नेहमी बरोबर नसे. पुन्हा हाती आलेला पट्टा 1957 साली सोडताना त्याने महाविद्यालयीन कुस्ती गाजवलेल्या डिक हटनचा आग्रह धरला. हटन अस्सल मल्ल, पण त्याच्यापाशी रंग नव्हता. तिकीट खिडकीवर शुकशुकाट झाला. कसब पुरेसे आहे, प्रेक्षक आपोआप येईल, हा थेझचा समज इथे तोकडा पडला.

1963 साली टोरोंटोत त्याने बडी रॉजर्सकडून पट्टा परत घेतला. रॉजर्स भडक आणि लोकप्रिय. थेझला तो मनापासून नावडता. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या प्रमोटरांनी हा निकाल मानला नाही आणि वेगळी संघटना थाटली. तीच आजची डब्ल्यूडब्ल्यूई. जुन्या विद्येचा हा मोठा विजय, आणि त्यातूनच त्या विद्येला बाजूला सारणारी कंपनी उभी राहिली! 1989 साली या कंपनीच्या प्रतिनिधींनी न्यू जर्सीत उघडपणे सांगितले, की आमची कुस्ती म्हणजे करमणूक आहे. त्यानंतर विजेत्याला पट्टा राखता येण्याची गरजच उरली नाही. ते काम करारपत्र करू लागले.

कर्ट अँगलसारखा ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता पुढेही या रिंगमध्ये उतरला, हे खरे. आजचे पैलवान उड्या मारतात त्या थेझला कधी जमल्या नसत्या, हेही खरे. पण पकड आता बहुतेक वेळा दम खाण्यापुरती उरली आहे. थेझचा उडी मारून छातीवर बसण्याचा डाव चीत करण्यासाठी होता. स्टीव्ह ऑस्टिनने तो गुद्दे मारण्यासाठी वापरला.

जपानने मात्र थेझला जपले. 1957 साली टोकियोत तिथल्या रिकिडोझान या मल्लाशी त्याची तासभराची लढत बरोबरीत सुटली, आणि तिथल्या कुस्तीने खरेपणाचा ध्यास पुढे अनेक दशके सोडला नाही. (आपल्याकडचा धागा 1968 चा : बावन्न वर्षांच्या थेझला मुंबईत दारा सिंगने हरवले. दारा सिंगही आखाड्यातून घडलेला होता.) डिसेंबर 1990 मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, थेझ शेवटचा लढला तो हामामात्सूत, मासाहिरो चोनोशी. चोनो जिंकला ती एसटीएफ (पाय अडकवून चेहरा आवळण्याची) पकड त्याने थेझकडूनच घेतली होती. पुढे जॉन सीनाने ती जगभर पोचवली. सीनाची लोकप्रियता निर्विवाद, पण त्याच्या एसटीएफमध्ये दंड आणि समोरच्याची मान यांच्यात सरळ फट दिसते. थेझच्या पिढीतल्या कुठल्याही पैलवानाने त्या फटीतून हात घालून पकड मोडली असती.