शेजारशाळेतील शेजार

एखादी संज्ञा एका लेखातून दुसऱ्या लेखात जाताना रूपाने अविकृत राहते, परंतु अर्थाने पालटते, हा अनुभव भाषेच्या अभ्यासकाला नवा नाही. ‘शेजारशाळा’ ही संज्ञा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचा अहवाल, २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम आणि महाराष्ट्र शासनाची ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना, या तिहींच्या मुळाशी घर व शाळा यांच्या सान्निध्याची एकच कल्पना आहे. तथापि या साठ वर्षांत त्या कल्पनेतला शेजार गळून गेला आणि केवळ अंतर शिल्लक राहिले, असे म्हणावे लागते.

प्रथम शब्दांचा विचार करू. मूळ इंग्रजी संज्ञेसाठी मराठी व्यवहारात ‘शेजारशाळा’, ‘परिसर शाळा’, ‘नजीकची शाळा’ असे अनेक पर्याय चालतात, आणि ते समानार्थक मानले जातात. वस्तुतः ते तसे नाहीत. फारसीतून आलेला ‘नजीक’ हा शब्द मोजता येणारी गोष्ट सांगतो. ‘परिसर’ हा संस्कृत शब्द भोवतालचा प्रदेश दाखवितो. त्या प्रदेशात कोण राहते याविषयी तो मौन बाळगतो. ‘शेजार’ हा शब्द मात्र माणसांमधील नाते सुचवितो. मराठीत ‘शेजारधर्म’ असा समास रूढ आहे. ‘अंतरधर्म’ असा शब्द कोणी घडविलेला नाही, आणि घडविला तरी त्याला अर्थ प्राप्त होणार नाही. शेजार म्हटला की कर्तव्य आले, आणि तेही दोन्ही बाजूंचे.

कोठारी आयोगाला अभिप्रेत असलेली संस्था याच अर्थाने शेजारशाळा होती. (या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर भागातले, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.) परिसरातील प्रत्येक मूल, जात, पंथ, धर्म, सांपत्तिक स्थिती वा सामाजिक दर्जा यांचा विचार न होता, त्या परिसराच्या शाळेतच जावे, अशी ती योजना. आयोगाने तिच्या समर्थनार्थ दिलेली कारणे पाहण्यासारखी आहेत. सामान्य लोकांच्या जीवनात सहभागी होणे हा चांगल्या शिक्षणाचाच घटक आहे, हे एक. आणि धनिक व वजनदार वर्गांची मुले त्याच शाळेत बसू लागली म्हणजे त्या वर्गांना सार्वजनिक शाळांच्या सुधारणेत लक्ष घालणे भाग पडेल, हे दुसरे. हे दुसरे कारण मोठे व्यवहारी आहे. पालकांचा विशेषाधिकार नाहीसा करण्याची भाषा त्यात नाही. तो विशेषाधिकार सर्वांच्या शाळेला जुंपण्याची युक्ती आहे. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समान शाळा पद्धतीचा स्वीकारही केला. पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे.

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या अधिनियमाची वाक्यरचना याहून निराळी आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात नजीकच्या शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा मुलाचा हक्क आहे. सहाव्यात अशी शाळा स्थापण्याचे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दहाव्या कलमाने मुलाला नजीकच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले, परंतु ज्या पालकाला त्या शाळेकडे पाठ फिरवावयाची असेल, त्याला दंड करणारी तरतूद अधिनियमात नाही. आठव्या कलमाच्या परंतुकाने इतकेच सांगितले की, अन्य शाळेत मूल घालणाऱ्या पालकाला त्या खर्चाची भरपाई मागता येणार नाही. बाराव्या कलमाने विनाअनुदानित खाजगी शाळांतील पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. ही तरतूद मोलाची आहे, यात शंका नाही. पण तिची दिशा एकेरी आहे. गरिबाचे मूल श्रीमंताच्या शाळेत जाऊ शकते. श्रीमंताचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत येण्याची कल्पना मात्र अधिनियमाने मुळातच सोडून दिली. ज्याचे कर्तव्य कागदावरच राहते त्याला शेजारी म्हणावे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अशी परिसराची मर्यादा ठरविली. प्रशासनाला निश्चित अंक लागतो, हे मान्य. परंतु हा अंक रत्नागिरी जिल्ह्याच्या भूमीवर ठेवून पाहिला म्हणजे त्याचे अपुरेपण तत्काळ ध्यानात येते. दाभोळ आणि धोपावे ही गावे वाशिष्ठीच्या मुखाशी समोरासमोर वसलेली. नकाशावर ती लगतची आहेत, पण फेरीबोट नसेल तेव्हा एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणाऱ्याला खाडीचा सारा वळसा घालावा लागतो. याहून महत्त्वाची बाब वाड्यांची. कोकणातील गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे, तो विखुरलेल्या वाड्यांचा समुच्चय. आणि वाडी बहुधा एका जातीची किंवा एका भावकीची असते. ‘वाडी’ हा शब्द संस्कृत ‘वाटिका’ या शब्दावरून आला असून त्याच्या मुळाशी कुंपणाचा अर्थ आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पण नाव बदलल्याने कुंपण हलत नाही. अशा वस्तीभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर ते जुन्या कुंपणाला गणिताची प्रतिष्ठा मिळवून देण्याचा संभव असतो.

याच जिल्ह्याचा इतिहास सांगतो की सान्निध्य आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा मुंबई सरकारने हस्तक्षेप करण्याचे टाळले. त्या मुलाच्या दृष्टीने शाळा दूर होती म्हणून नव्हे. दापोली हे लष्करातून निवृत्त झालेल्या महार कुटुंबांचे ठाणे. रामजी आंबेडकर निवृत्तीनंतर तेथेच राहिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या निवृत्त सैनिकांनी आपल्या मुलांना गावच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले, आणि वाद येऊन थांबला तो मुलांना वर्गात बसवावे की व्हरांड्यात, या मुद्द्यावर. अंतर तेथे उंबरठ्याएवढेच होते. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे मुंबई कायदेमंडळाने मान्य केले. तरीही १९२४ ते १९३७ या रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांना वर्गात सर्व जातींची मुले सरमिसळ बसविण्यासाठी खटपट करावी लागली. त्यांच्या अन्य मतांविषयी कोणाचे काहीही म्हणणे असो, प्रवेशानंतरही बैठकीचा प्रश्न उरतो हे त्या खटपटीने दाखवून दिले.

२०२४ च्या अधिसूचनेने संज्ञेचा अर्थ जवळजवळ उलटा केला. ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, त्या शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून मोकळे करण्यात आले. मुलाला शाळेजवळ आणण्यासाठी योजलेला अंक येथे मुलाला शाळेबाहेर ठेवण्याच्या कामी आला. तुमच्याजवळ तुमची शाळा आहे, मग या शाळेत कशाला येता, असा हा युक्तिवाद; दापोलीच्या व्हरांड्याची आठवण तो करून देतो. शहरांत तर असे वर्तुळ बहुतेक प्रत्येक खाजगी शाळेला सापडावयाचे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरविली; पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. मूळ अधिनियमाला छेद देणारा नियम करता येत नाही, हे तत्त्व त्यामुळे राखले गेले. परंतु न्यायालयासमोर प्रश्न नियमाच्या वैधतेचा होता. शेजाराच्या अर्थाचा नव्हता.

आपल्या मुलासाठी उत्तम शाळा शोधणे हा पालकाचा अपराध कसा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. ऑनलाइन अर्जात नकाशावर घराची खूण अचूक ठेवण्यासाठी धडपडणारी मोलकरीण आणि शाळेजवळ सदनिका विकत घेणारा व्यावसायिक, दोघेही पालकच. फरक असा की पहिलीने अंतर खोटे दाखविले तर तो गुन्हा ठरतो, आणि दुसऱ्याने अंतर विकत घेतले तर ती दूरदृष्टी ठरते. २०२४ मध्येच नागपुरात खोट्या कागदपत्रांवर प्रवेश मिळविल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झाले. त्यांतील सर्वच गरीब असतील असे नाही. राखीव जागांवर सधनांनी हात मारणे हाही या व्यवस्थेचा परिचित रोग आहे. अमेरिकेत १९५४ च्या निर्णयाने वर्णभेदी शाळा अवैध ठरल्या, पण १९७४ च्या डेट्रॉईट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपनगरांच्या हद्दी ओलांडण्यास नकार दिला, आणि उपनगरांत जाऊन राहिलेल्या पालकांची सोय झाली. तेथे हद्द जिल्ह्याची, येथे शुल्काची.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मुंबईकडे जाणाऱ्या चाकरमान्यांमुळे आणि इंग्रजी माध्यमाच्या ओढीमुळे जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा पट अगदी घटला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. मुलांना दूरच्या शाळेत वाहनाने नेण्याची कल्पना त्यात होती. म्हणजे खाजगी शाळेला बंधनातून सोडवावयाचे असेल तेव्हा एक किलोमीटर ही पुरेशी जवळीक ठरते, आणि शासनाला आपली शाळा मिटवावयाची असेल तेव्हा कित्येक किलोमीटरही ‘नजीक’ या शब्दात बसविता येतात. दोन्ही वेळा घरातून चालत निघणारे मूल तेच असते, आणि ज्यांच्या मोटारी त्या रस्त्याने दुसऱ्या शाळेकडे जातात त्यांना या दोहोंपैकी कोणताच नियम लागू होत नाही.