गुणांची चढाओढ आणि पाठशुद्धि

जुन्या मराठी ग्रंथांचा यंत्रानें वाचलेला पाठ मूळ पानाशीं ताडून शुद्ध करण्याचें काम विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहांत स्वयंसेवक करितात. त्यास वेग यावा म्हणून २०२० च्या मे महिन्यांत मराठीसह अनेक भारतीय भाषांची स्पर्धा झाली. प्रथम शोधनास पानामागें ३ गुण, दुसऱ्यानें केलेल्या पडताळणीस १. आमचा आक्षेप या दरावरच आहे. यंत्रानें 'घ'चा 'ध' केला व पहिल्यानें घाईंत तो तसाच ठेविला, तर तो सांपडावयाचा पडताळणींतच; आणि तिचीच किंमत कमी! पोथी उतरणाऱ्याची मजुरीही ३२ अक्षरांच्या ग्रंथगणनेनें ठरत असे; अशा पोथ्यांतील गळलेल्या ओळी संग्राहकांस नव्यानें सांगावयास नकोत.

इंग्रजी आरमाराच्या नोंदवह्या उतरविणाऱ्या 'ओल्ड वेदर' (२०१०) या उपक्रमांत सर्वाधिक नोंदी करणारा त्या जहाजाचा कप्तान होई. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ही चुरस कित्येकांस नकोशी वाटल्याचें दिसून आलें. तथापि खेळ सर्वस्वीं त्याज्य नव्हे. विकिस्रोतावर शोधिलेलें पान पिवळें, पडताळलेलें हिरवें होतें, आणि पडताळणारा निराळाच असावा लागतो. हा नियम उत्तम. मोडी कागदांस ही रीत लावावयाची तर, तेथें ऱ्हस्वदीर्घाचाही आधार नसल्यानें, पानें मोजूं नयेत. दुसऱ्या वाचनांत सांपडलेल्या खऱ्या चुकीसच अधिक गुण द्यावेत.