सहमती आणि संमती : विदासंरक्षणाच्या मराठी परिभाषेचा विचार

पनवेल येथे योट्टा कंपनीचे विदाकेंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. विदेला इमारत, वीज व पहारा लागतो हे अशा केंद्रावरून ध्यानी येते. परंतु त्याच पनवेलच्या बाजारात 'डेटा संपला' असे म्हणणाऱ्यास मोबाइलवर विकत घेतलेला इंटरनेटचा वाटा अभिप्रेत असतो. हा डेटा पैसे देऊन मिळतो व संपतो. कंपन्या गोळा करतात तो डेटा बहुधा नकळत दिला जातो व साठत राहतो. 'तुमचा डेटा गोळा केला जाईल' ही सूचना म्हणूनच सामान्य वाचकास संदिग्ध वाटावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम झाला. त्याच्या सहाव्या कलमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, विनाअट व निःसंदिग्ध असली पाहिजे. तिची मागणी सुबोध भाषेत हवी, आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; ही कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. मराठीच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. मात्र मजकूर मराठीत येणे आणि त्याचा अर्थ पोहोचणे ह्या भिन्न गोष्टी होत.

'मी सहमत आहे' ह्या वाक्याचे उदाहरण घ्यावे. मराठीत 'सहमत असणे' हे मताविषयी असते, 'संमती देणे' हे कृतीविषयी. व्याख्यात्याशी श्रोता सहमत होतो. शस्त्रक्रियेस रोगी संमती देतो. ऑस्टिनच्या परिभाषेत बोलावयाचे तर संमतीची उक्ती ही स्वतःच एक कृती आहे. तिच्या जागी 'सहमत' आल्याने परवानगी देणारा माणूस केवळ दुजोरा देणारा ठरतो, आणि आपण काही दिले आहे ही जाणीवच त्यास होत नाही.

'गोपनीयता' ह्या शब्दातही असाच दोष आहे. तो लपविण्याची सूचना करतो. साहजिकच 'लपविण्यासारखे काही नाही' असे उत्तर येते. उलट 'खासगी' ह्या शब्दामागे मराठी दरबारांचा व्यवहार आहे. होळकरांची खासगी ही दौलतीहून निराळी मिळकत होती. ती गुप्त नव्हती; स्वतःची होती. हक्काची हीच कल्पना येथे अभिप्रेत असल्याने 'खासगीपणा' हा शब्द अधिक समर्पक होय.

शब्द सुधारल्याने सारे साधेल काय, असा आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये वापरकर्त्यांपुढे जे धोरण ठेवले, ते स्वीकारावे किंवा सेवा सोडावी अशा स्वरूपाचे होते. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ह्या प्रकरणी मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपये दंड केला. नकारास जागा नसेल तेथे नेमका शब्दही संमतीस अर्थ देऊ शकत नाही. तथापि आपण काय देत आहोत हे ज्यास त्याच्या भाषेत कळले नाही, त्यास नकार देण्याचे कारणही सुचणार नाही. विदासूचनांचे मराठीकरण म्हणूनच केवळ भाषांतरकाराच्या स्वाधीन न करता भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासले पाहिजे.