नकाराचा रकाना

वंशावळीची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर आत फार काही गूढ नसतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक आकडा, मग बहुधा चार अक्षरांची एक खूण, मग माहिती. जन्म, मृत्यू, लग्न, दफन, मुलं. या मांडणीला 'जेडकॉम' म्हणतात. जगातलं जवळपास प्रत्येक वंशावळ-सॉफ्टवेअर ती वाचतं. घराणं कॅथलिक असो, ज्यू असो की नास्तिकांचं, ते एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायचं तर बहुधा याच फाइलमधून. खुणांच्या यादीत बाप्तिस्म्याची एक नेहमीची खूण आहे आणि शिवाय 'बीएपीएल' अशी वेगळी एक. तिच्यातला शेवटचा 'एल' लॅटर-डे सेंट्सचा, म्हणजे मॉर्मनांचा. जेडकॉम १९८४ साली मॉर्मन चर्चनंच आणलं, तेव्हा त्यांची खूण तिथे असण्यात नवल नाही. (२०१८पासून चर्च म्हणतं की आम्हाला 'मॉर्मन' म्हणू नका. पण पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असं आहे. लेखभर ते टंकणं माझ्याच्यानं होणार नाही.)

या खुणेपुढे काय लिहायची मुभा आहे, ते पाहण्यासारखं आहे. ५.५ या आवृत्तीच्या दस्तऐवजात त्यासाठी ठरावीक पर्याय दिले आहेत. विधी पूर्ण झाला. नाव पाठवलं आहे. नाव मंजूर झालेलं नाही. या खेपेतून वगळलं आहे. मूल आठ वर्षांच्या आत गेलं, सबब गरज नाही. मूल मृत जन्मलं. १९७०पूर्वीच झाला असावा. पोटापाण्यासाठी मी डेटाबेस सांभाळतो. एकाच ग्राहकाच्या पाच नोंदी शोधून एक करायच्या, कुणी कशाला संमती दिली याचे रकाने जपायचे, हे माझं रोजचं काम. त्यामुळे असली यादी दिसली की तिच्यात काय आहे यापेक्षा काय नाही, याकडे आधी लक्ष जातं. इथे 'त्या व्यक्तीनं नकार दिला' हा पर्याय नाही.

मेलेला माणूस नकार देणार कसा, असं कुणी विचारेल. पण मॉर्मन धर्मशास्त्राप्रमाणे तो देऊ शकतो, आणि गेली तीसेक वर्षं चाललेल्या वादात चर्चचा सगळा बचाव याच मुद्द्यावर उभा आहे.

वादाचं मूळ एका जुन्या अडचणीत आहे. तारणासाठी बाप्तिस्मा हवाच असेल, तर येशूचं नावही कानावर न पडता मेलेल्या कोट्यवधी माणसांचं काय? चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्यासाठी हा प्रश्न घरचा होता. त्याचा थोरला भाऊ ॲल्विन १८२३ साली बाप्तिस्म्याविना वारला होता. १८४० साली इलिनॉयमधल्या नॉवू गावी एका अंत्यविधीच्या प्रवचनात स्मिथनं तोडगा जाहीर केला: जिवंत माणसानं मृताच्या नावानं पाण्यात बुडी घ्यावी. करिंथकरांस पहिल्या पत्रात अशा बाप्तिस्म्याचा एक ओझरता उल्लेख आहे, तो आधार. सुरुवातीचे विधी मिसिसिपी नदीतच झाले. आता ते टेंपलमध्ये, बारा बैलांच्या पुतळ्यांनी पाठीवर पेललेल्या हौदात होतात. बुडी घेणारी बरेचदा किशोरवयीन मुलंमुली असतात आणि एका बैठकीत एकेक जण कितीतरी नावं पार पाडतो. मग परलोकात त्या आत्म्याला निवड असते, स्वीकारायचं की नाकारायचं.

कल्पना म्हणून मला ही बरी वाटते. न ऐकलेल्यांना नरकात ढकलून मोकळं होणाऱ्या धर्मशास्त्रापेक्षा ही पुष्कळ उदार आहे. स्टॉकहोमचे लुथेरन बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५मध्ये, तिथल्या मॉर्मन टेंपलला विरोध होत असताना, मॉर्मनांची बाजू घेतली होती. दुसऱ्याच्या धर्मात आपल्याला हेवा वाटावा असं काहीतरी शोधावं, असं ते सांगत, आणि मृतांना न विसरणारा हा विधी त्यांना तसा वाटे. इंटरनेटवरच्या टवाळीत ही बाजू सहसा येत नाही.

पण स्मिथ बुडीवर थांबला नाही. १८४२ साली अटक टाळायला लपून बसलेला असताना त्यानं अनुयायांना एक पत्र लिहिलं. ते आता त्यांच्या धर्मग्रंथातलं १२८वं प्रकरण आहे. वाचताना लेखापरीक्षण खात्याचं परिपत्रक हातात आल्यासारखं वाटतं. प्रत्येक विभागाला एक नोंदणीकार, त्याच्यासमोर साक्षीदार, सगळ्यांवर एक मुख्य नोंदणीकार. आणि इथे जे नोंदलं जाईल ते स्वर्गातही नोंदलं जाईल. याचा अर्थ नोंद ही विधीची पावती नाही, ती विधीचाच भाग आहे. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. 'चार मुलं पाण्यात बुडली, तुमचं काय गेलं?' असं विचारणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात. ज्या धर्मानं स्वतःच कागदाला एवढं वजन दिलं, त्याच्या कागदावर आपल्या आईचं नाव आल्यावर कुणी अस्वस्थ झालं, तर त्याला भाबडं म्हणता येत नाही.

नोंदींची भूक मग वाढतच गेली. १८९४ साली यूटामध्ये वंशावळ संस्था निघाली. १९३८पासून जगभरच्या दप्तरांचं मायक्रोफिल्मिंग सुरू झालं. सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात, ग्रॅनाइट खोदून केलेल्या भुयारांत सुमारे २४ लाख रिळं ठेवली आहेत. त्यांचा फायदा कुणालाही होतो. ज्यू वंशावळ-संशोधक ती वापरतात, आपणही वापरू शकतो. हरिद्वार, कुरुक्षेत्र इथल्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं याच चर्चच्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत. इतकं मोठं काम फुकट उपलब्ध करून देणारी दुसरी संस्था मला माहीत नाही. फक्त त्या कामाचा हेतू निव्वळ ग्रंथपालाचा नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वयंसेवक जुन्या नोंदवह्यांमधून नावांचे गठ्ठेच्या गठ्ठे उतरवून टेंपलकडे पाठवत. त्या नावांशी नातं असण्याची गरज नव्हती.

अशा गठ्ठ्यांमध्ये नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावं निघाली. ती ज्या याद्यांमधून उतरवली गेली, त्यांत खुद्द ज्यूंचे स्मरणग्रंथही होते. कुठल्या गावातून कुणाला नेलं, ते निदान कागदावर राहावं म्हणून वाचलेल्यांनी जमवलेली ही नावं. अर्नेस्ट मिशेल हे आउश्वित्झमधून वाचलेले, पुढे न्यूरेम्बर्ग खटल्याचं वार्तांकन केलेले गृहस्थ. त्यांना तिथे आपल्या आईवडिलांची नावं सापडली. त्यांच्या पुढाकारानं १९९५ साली करार झाला. चर्चनं सुमारे ३ लाख ८० हजार नावं आपल्या सूचीतून काढली आणि सदस्यांचे थेट पूर्वज सोडता असे विधी थांबवायचं कबूल केलं.

ते थांबले नाहीत. २००८मध्ये मिशेल यांनी कंटाळून वाटाघाटींमधून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी व्हॅटिकननंही आपल्या धर्मप्रांतांना कळवलं की पॅरिशची दप्तरं या वंशावळ संस्थेला देऊ नका. २०१०मध्ये ज्यू प्रतिनिधींबरोबर पुन्हा एक संयुक्त निवेदन झालं. आणि २०१२च्या सुरुवातीला हेलन रॅडकी या माजी मॉर्मन संशोधिकेनं एकामागून एक नावं बाहेर काढली. नाझींचा माग काढणारे सायमन विझेन्थाल यांचे आईवडील. पाकिस्तानात मारला गेलेला पत्रकार डॅनियल पर्ल. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या टेंपलात, त्याच फेब्रुवारीत, ॲन फ्रँक. तिच्या नावानं त्याआधीही विधी झाले होते. एली वीझेल यांचं नाव तर विधीसाठी दाखल झालेलं सापडलं. ते तेव्हा हयात होते.

चर्चनं माफी मागितली, सदस्यांना पत्र वाचून दाखवलं. आपल्या पूर्वजांचीच नावं द्या, प्रसिद्ध व्यक्तींची आणि होलोकॉस्टमधल्या ज्यूंची देऊ नका. मला वाटतं ही माफी खरी होती. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला दोष सदस्यांच्या आगाऊपणात दिसत नाही, रचनेत दिसतो. कुणाचंही नाव कुणीही दाखल करू शकतो आणि चूक झाल्यावर ते खोडायचं, ही रचना ठेवली तर नाव परत येणारच, कधी स्पेलिंग बदलून, कधी जन्मगाव बदलून. खोडलेलं परत येऊ नये म्हणून वगळायच्या माणसांची कायमची यादी जपावी लागते. म्हणजे ज्यूंना सोडून द्यायचं तर मारल्या गेलेल्या ज्यूंची यादी चर्चनं आपल्याकडे ठेवायची, आणि ती पुरवायची कुणी, तर ज्यूंनी. त्यांनी अजून किती याद्या द्यायच्या?

२०१२मध्ये आणखी एक उपाय झाला. अशी नावं उघडू पाहणाऱ्याचं खातं बंद पडेल अशी तांत्रिक अटकाव यंत्रणा बसवली. गैरवापर थांबवायला म्हणून ती आली, पण तिनं गैरवापर शोधणाऱ्याचीही वाट अडते. असली दुरुस्ती मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे: तक्रार जिथून येते ती खिडकीच लावून घ्यायची. तरीही २०१७ साली असोसिएटेड प्रेसनं रॅडकी यांच्या संशोधनाच्या आधारे बातमी दिली की मधल्या पाच वर्षांत होलोकॉस्टमधल्या किमान वीस जणांसाठी विधी झाले होते.

आता नास्तिकांचा आक्षेप. मी स्वतः त्याच गोटातला, त्यामुळे तो मला टाळता येत नाही. विधीनं मृताला काहीच होत नाही, मग राग कशाचा? बिल माहर यांनी २०१२मध्ये टीव्हीवर मिट रॉम्नी यांच्या दिवंगत नास्तिक सासऱ्यांचा 'उलटा बाप्तिस्मा' केला. मेलेल्या मॉर्मनांना समलिंगी 'करून टाकणारं' एक संकेतस्थळही तेव्हा निघालं. हसायला ठीक आहे. पण यातून दोन्ही बाजू सारख्या ठरत नाहीत, कारण माहर यांच्याकडे डोंगरातलं भुयार नाही. आणि ज्यूंच्या आठवणीत परस्पर दिलेला बाप्तिस्मा कधीच निरुपद्रवी नव्हता. १८५८ साली बोलोन्यात एदगार्दो मोर्तारा नावाच्या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला पोपच्या पोलिसांनी घरातून उचलून नेलं. तो तान्हा असताना आजारी पडला, तेव्हा घरातल्या मोलकरणीनं गुपचूप त्याला बाप्तिस्मा दिला होता, आणि ख्रिस्ती झालेलं मूल ज्यूंच्या घरी वाढू शकत नाही असा तिथला कायदा होता. आईबापांना तो परत मिळाला नाही. मोठेपणी तो कॅथलिक पाद्री झाला. ज्यांच्या इतिहासात हे आहे, त्यांना 'नुसतं पाणीच तर आहे' हे कुणी सांगू नये.

आपल्याकडच्या वाचकाला इथे तर्पण आठवेल. तिथेही परक्यांसाठी, ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी पाणी सोडतात. मला फरक असा दिसतो की त्या पाण्यानं कुणी कशाचा सभासद होत नाही. तर्पण करणारा मृताच्या नावापुढे काही लिहीत नाही. पंडे वह्या ठेवतात, पण तिथली नोंद त्या दारी आलेल्या माणसानं स्वतः सांगून लिहवलेली असते.

गांधींच्या नावानंही मॉर्मन बाप्तिस्मा झाल्याचं रॅडकी यांच्या हवाल्यानं २०१२मध्येच छापून आलं. त्यावर आपल्याकडे दोन दिवस कुरकुर झाली असेल. मला मात्र हे उदाहरण ॲन फ्रँकइतकंच महत्त्वाचं वाटतं, वेगळ्या कारणानं. चर्चचं म्हणणं आहे की आम्ही फक्त संधी देतो. गांधींना ती जिवंतपणीच मिळाली होती, तीही भरपूर. प्रिटोरियात बेकर, कोट्स अशा ख्रिस्ती स्नेह्यांनी त्यांना पुस्तकं दिली, प्रार्थनेला नेलं, गळ्यातली तुळशीची माळ तोडून टाका म्हटलं, वेलिंग्टनच्या मोठ्या धर्मसंमेलनाला नेलं. गांधींनी सगळं ऐकलं, वाचलं, आणि नाही म्हटलं. आत्मकथेत ते सविस्तर लिहिलं. तेव्हा त्यांचा नकार परलोकातून यायची वाट पाहायची गरज नव्हती. तो छापील होता, अनेक भाषांत, पत्रं आणि भाषणं वेगळीच. ज्या डेटाबेसला जगभरची दप्तरं वाचता येतात, त्याला एवढं एक पुस्तक वाचता आलं नाही, कारण त्यात लिहिलेलं ठेवायला जागाच केलेली नव्हती. ॲन फ्रँकला कुणी काही विचारलंच नव्हतं. गांधींना विचारलं होतं, त्यांनी उत्तर दिलं होतं. फाइलमध्ये दोघांचीही स्थिती एकच होते: विधी पूर्ण.

पृथ्वीवर न विचारता नोंद करायची आणि संमतीचा प्रश्न अशा ठिकाणी पाठवायचा जिथून कधीच उत्तर येत नाही, याला निवड म्हणायला मी तयार नाही. हाच प्रकार एखाद्या मोबाइल ॲपनं केला तर आपण त्याला काय म्हणू ते सांगायला नको.

सध्या चर्चचा नियम असा आहे की गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या माणसाचं नाव द्यायचं तर त्याच्या जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी हवी. त्याआधी जन्मलेल्यांसाठी ती लागत नाही. ॲन फ्रँक १९२९ची. २०३९च्या जूनमध्ये ही अट तिच्यापुरती संपेल आणि मागे राहील ते फक्त १९९५चा करार, पुढची निवेदनं आणि २०१२चं पत्र. तो करार घडवून आणणारे अर्नेस्ट मिशेल २०१६ साली वारले. जिवंतपणी स्वतःचं नाव त्या यादीत पाहिलेले एली वीझेलही त्याच वर्षी गेले.