‘एकच प्याला’तील ‘च’

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले. शीर्षकातील ‘च’ हे अव्यय द्व्यर्थी आहे. पिणाऱ्याच्या तोंडी ते मर्यादा सांगते: एकच, अधिक नाही. नाटककाराच्या लेखी ते कारण सांगते: सर्वनाशास एकच पुरे. या दुसऱ्या अर्थामुळे प्रेक्षकाची दृष्टी प्याल्यावरच खिळते. वस्तुतः प्याल्याच्या आधी अपमान आहे. वकील सुधाकराची सनद काही काळ रद्द होते, मगच तळीराम प्याला पुढे करतो.

‘पॅट्रिक मेलरोज’ (२०१८) ही पाच भागांची इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिका ताडून पाहण्याजोगी आहे. तिच्या पहिल्या भागात नायकाचे हेरॉइनचे व्यसन दिसते. दुसऱ्यात त्याचे मूळ, बालपणी पित्याने केलेला अत्याचार. तिसऱ्यात तो हे मित्राजवळ उच्चारतो. उच्चाराने व्यसन सुटत नाही, तो पुढे मद्याकडे वळतो. तथापि जखमेस नाव मिळते. सुधाकर दारूच्या अवस्थांवर अस्खलित बोलतो. त्याला उपदेशक मिळतात, श्रोता मिळत नाही.

संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा अर्थ आपत्ती असाही आहे. मराठी व्यवहारात तो मागे पडला; सुधाकराचा विचार करताना समीक्षेने तो पुन्हा ध्यानी घ्यावा.